आठ वाजताचा सामना

माझं कामच मुळी वाईट बातमी वेळेवर सांगण्याचं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी महिनोन्‌महिने खपून केलेल्या गोष्टीत काय मोडलंय ते शोधायचं आणि सगळ्यांना, शक्यतो दुपारच्या जेवणाआधी, कळवायचं. या कामात माझं बऱ्यापैकी नाव आहे. ‘हिच्या हातून काही सुटत नाही,’ असं माझा मॅनेजर म्हणायचा. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे मी इतक्या वर्षांत विचारलेलं नाही. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात मी माझ्या सख्ख्या वडिलांशी जे वागले ते ऑफिसात कोणाला सांगण्यासारखं नाही.

बाबा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत, रेडमंडला, माझ्याकडे आले. वय पंचाहत्तर, वीज खात्यातून निवृत्त, मुक्काम नागपूर. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. व्हिसावर त्यांना सहा महिने राहता येत होतं, पण माझा बेत सहा महिन्यांचा नव्हता. मी आता इथली नागरिक आहे, वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकते. अर्ज भरून तयार होता, फक्त त्यांची सही बाकी होती. तो कागदांचा गठ्ठा मी मुद्दाम जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला. बाबा रोज लोणचं घ्यायचे, बरणी जागेवर ठेवायचे, गठ्ठ्याच्या कडा सरळ करायचे आणि उठायचे.

“मुलीच्या घरी माणसानं किती दिवस राहायचं असते?” एकदा त्यांनी विचारलं.

“तुम्हाला मुलगा नाही बाबा. दुसरं घर कुठून आणू?”

“दुसरं घर आहे न. नागपूरला आहे.”

त्या घराचीच मला धास्ती होती. तीन खोल्या, ओला बाथरूम, एकटा माणूस आणि फोनवर विचारलं की ‘सगळं मस्त’. आमच्या घरात वाईट बातमी सातासमुद्रापार पाठवायची पद्धत नाही. आईला मधुमेह आहे हे मला दोन वर्षांनी कळलं, आणि बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पट्टी निघाल्यावर. ‘तू तिकडे उगाच काळजी करशील’ हे त्याचं कारण. सगळ्या अमेरिकेतल्या मराठी मुलामुलींना हेच कारण सांगितलं जातं, आणि आम्ही सगळे त्यामुळे कायम उगाच काळजी करत असतो.

आईचंही तसंच झालं. बाबांचा फोन आला, “आई जरा सीरियस आहे, निघ.” मी निघाले. वीस-बावीस तास विमानात आणि विमानतळांवर बसून मी आईसाठी देवाची विनवणी करत होते. देव मानते असं नाही, पण त्या दिवशी कोणाचंही ऐकायला तयार होते. बॅगेत तिच्या गुडघ्यांसाठी घेतलेला शेकायचा पट्टा होता. नागपूरला घरासमोर रिक्षा थांबली आणि मला दारातल्या चपला दिसल्या. चाळीसेक जोड असतील. आई नेमकी कधी गेली, हे मी नंतर कोणाला विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलं नाही.

तर मला बाबा डोळ्यांसमोर हवे होते. पण डोळ्यांसमोर ठेवून त्यांचं करायचं काय, हा प्रश्न मी टेस्ट केला नव्हता. रेडमंडला डिसेंबरात साडेचारला दिवस संपतो. इथला पाऊस पडत नाही, नुसता असतो. मी आणि नवरा सकाळी कामावर जायचो. बाबा रेनकोट घालून दोन गल्ल्या फिरून यायचे आणि म्हणायचे, “एक माणूस भेटला नाही. कुत्रा भेटला, तोही कामात होता.” शेजारी मुलाकडे आलेले पुण्याचे एक काका आले एकदा, स्वतःच्या गुडघ्यांबद्दल दीड तास बोलले आणि दुसऱ्या मुलाकडे सनीव्हेलला निघून गेले. बाबा खिडकीशी बसू लागले. मला अपराधी वाटायचं, आणि अपराधी वाटलं की मी चिडते. “जरा टीव्ही तरी लावा!” असं मी ओरडले एका शनिवारी, आणि त्यांनी लावला.

फोन कंपनीने आमच्या प्लॅनबरोबर खेळांचं एक अ‍ॅप फुकट दिलं होतं. त्यात क्रिकेट नव्हतं. इटलीची पहिल्या दर्जाची फुटबॉल लीग मात्र अख्खी होती.

बाबा तरुणपणी नागपूरजवळच्या कामठीला फुटबॉल खेळत. फुलबॅक, म्हणजे गोलासमोरच्या बचावात. बराच काळ अनवाणी. कामठीत फुटबॉल म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगून कळत नाही. माझा नवरा पुण्याचा आहे, म्हणून खात्रीने सांगते. बाबांनी पहिला सामना पाहिला तो पाठ सोफ्याला न टेकता. मग म्हणाले, “यातली सगळ्यात गरीब टीम कोणती?”

मी गुणतक्ता काढून दाखवला. वीस संघ, ऑगस्ट ते मे हंगाम, आणि शेवटी तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात. तळातून तिसरा एक संघ होता, डोंगरापायथ्याच्या कुठल्याशा लहान गावचा, बऱ्याच वर्षांनी वर आलेला. जर्सीचा रंग आमसुली. मैदानाच्या एका बाजूला गॅलरीच नव्हती, तिथे लोकांच्या घरांच्या बाल्कन्या दिसायच्या आणि बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. बाबा म्हणाले, “हे आपले.” त्या दिवसापासून आमच्या घरात त्या संघाचं नाव ‘आमसुलं’ पडलं. नवऱ्याने विचारलं, “पहिल्या नंबरची टीम का नाही घेतली बाबांनी?” मी म्हणाले, “त्यांनी आयुष्यभर फुलबॅक खेळलंय. त्यांना हल्ला सोसणारेच आवडतात.”

जानेवारीत एकदा जेवताना मी पुन्हा सहीचा विषय काढला. बाबांनी गठ्ठा सरळ केला आणि म्हणाले, “असं कर. आमसुलं वाचली तर मी राहतो. खाली गेली तर मी नागपूरले जातो. शब्द म्हणजे शब्द.”

ते हसत म्हणाले होते. पण मी रिक्वायरमेंट ऐकली की ती लिहून घेणारी बाई आहे. माझ्या वडिलांचं उरलेलं आयुष्य कुठे जाणार हे आता इटलीतले अकरा अनोळखी पुरुष ठरवणार होते, आणि त्यातला सेंटर फॉरवर्ड गोलपोस्ट समोर आलं की बावचळायचा.

आम्ही कामाला लागलो. क्रिकेट पाहताना जागा बदलायची नाही हा नियम आपल्या रक्तात आहे. तो इटालियन फुटबॉललाही लागू होतो, हा शोध आमच्या घराचा. बाबा रिक्लायनरवर, मी सोफ्याच्या डाव्या टोकाला, मांडीवर तीच निळी उशी. नवरा एकदा कॉफीसाठी मधून गेला आणि आमसुलांनी गोल खाल्ला. तेव्हापासून शनिवार-रविवार त्याला हॉलमध्ये यायची बंदी झाली. “यार, माझ्या घरात मी गॅरेजमधून ये-जा करतोय,” असं तो मित्रांना फोनवर सांगताना मी ऐकलं. त्याच आठवड्यात आमसुलं जिंकली, म्हणून बंदी उठली नाही.

अडचण एकच होती. इटलीतले दुपारचे सामने आमच्याकडे पहाटे साडेतीनला लागतात. काही सकाळी सहाला. पहिल्या पहाटेच्या सामन्यानंतर बाबांचं बीपी इतकं चढलं की दुपारी डॉक्टरकडे न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी झोप पुरी करायला बजावलं. मग मी एक साधा उपाय काढला. सामने अ‍ॅपवर रेकॉर्ड होऊन राहतातच. मी बाबांना सांगितलं, “आता अमेरिकेसाठी वेळ बदललीय. पहाटेचे सगळे सामने सकाळी आठला लाइव्ह दाखवणार आहेत.”

बाबा माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले. म्हणाले, “बरं.”

मी वीज खात्यातल्या माणसाला हे सांगत होते. या गृहस्थाने अर्ध्या जिल्ह्याच्या भारनियमनाची वेळापत्रकं बनवली होती. कुठल्या गावात किती वाजता काय असतं, हे ज्याला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं, त्याला मी इटलीतली दुपार सरकवून दाखवत होते. तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही.

सुरुवातीला फक्त वेळेचंच खोटं होतं. पण आठला सामना लावायचा म्हणजे मी सहाला उठून निकाल बघणार, हे उघड होतं. आणि निकाल कळला की हात शिवशिवतात. जिंकलेल्या दिवशी मी सकाळीच कांदेपोहे करायचे आणि बाबांना हाका मारायचे. बरोबरी असेल तर ब्रेड-बटर. हरलेल्या दिवशी मी सामना दाखवायचे, पण आधीपासून त्यांची तयारी करून घ्यायचे. “आज समोरची टीम फार स्ट्राँग आहे हं बाबा.” मग नव्वद मिनिटं खोटी उत्सुकता चेहऱ्यावर ठेवून बसायचं. गोल होणार हे माहीत असताना ‘गेला, गेला, नाही, अरे हो!’ असं ओरडणं किती थकवणारं असतं हे करून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

फेब्रुवारीत आमसुलांनी एका सामन्यात चार गोल खाल्ले. ते मला बाबांना दाखववेना. मी चहा देताना म्हणाले, “आजची मॅच पावसामुळे रद्द झाली.”

बोलून गेल्यावर वाटलं, रद्द होतात ना फुटबॉलच्या मॅच पावसाने? क्रिकेटच्या होतात. बाबा कामठीच्या मैदानावर पोटरीभर चिखलात खेळलेले. त्यांनी खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलं, कप ओठाला लावला आणि म्हणाले, “बरं.”

“आणि पॉइंट टेबल अपडेट व्हायला वेळ लागतो, म्हणून तुम्ही फोनवर बघू नका. चुकीचं दाखवतात.”

“बरं.”

रात्री बाबा झोपल्यावर नवऱ्याने मला धारेवर धरलं. “हा फ्रॉड आहे. ऑफिसमध्ये कोणी असं केलं असतं तर तू त्याचं काय केलं असतंस?” मी म्हणाले, “ऑफिसमध्ये कोणाचं बीपी माझ्या जबाबदारीवर नाही.” उत्तर चांगलं होतं. खरं नव्हतं. मला बीपीची काळजी होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती की आमसुलांची आशा संपली की बाबांची बॅग भरली जाईल.

त्या काळात मला बाबांच्या खेळाच्या जाणकारीचं फार कौतुक वाटू लागलं होतं. सामना चालू असताना ते मध्येच म्हणायचे, “आता वीस मिनिटं काही होत नाही, चहा टाक.” आणि खरंच काही व्हायचं नाही. बाथरूमला जायचे ते अशा हिशेबाने की गोलाच्या दोन मिनिटं आधी परत. एकदा समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली तर म्हणाले, “हा वरून मारेल.” त्याने वरूनच मारला. मी ऑफिसात लंचला सांगितलं की माझ्या वडिलांना सामना वाचता येतो, जन्मजात फुलबॅक आहेत. टीममधल्या एका ब्राझिलियन मुलाने आदराने मान हलवली.

मार्च गेला. चेरी फुलल्या, ऑफिसात कपातीच्या अफवा सुरू झाल्या, आणि आमसुलं कधी तळातून तिसरी, कधी चौथी अशी काठावर लोंबकळत राहिली. एप्रिलच्या शेवटी आमसुलांनी सलग तीन सामने घालवले. तीन सामने उरले असताना, एका रविवारी सहाला उठून मी फोन पाहिला. पहाटेचा सामना हरली होती आणि हिशेब संपला होता. उरलेले सगळे सामने जिंकले तरी आमसुलं खालच्या लीगमध्ये जाणार होती.

स्वयंपाकघरात उभी राहून मी दहा मिनिटं विचार केला आणि आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा बेत आखला. पोहे केले. वर खोबरं-कोथिंबीर. बाबा आले, बशीकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. मी म्हणाले, “बाबा, आज अ‍ॅप बंद आहे, त्यांचं काहीतरी मेंटेनन्स चाललंय. पण अजून खूप चान्स आहे आपल्याला. वाचणारच आहेत, तर मग सही करून टाका ना. उगाच उशीर कशाला?”

मी गठ्ठा पुढे सरकवला, वर पेन ठेवलं.

बाबांनी चष्मा लावला आणि सगळी पानं वाचली. एकेक पान, दोन्ही बाजूंनी. पोहे गार झाले. मग पेनाचं टोपण लावून ते माझ्याकडे सरकवत म्हणाले, “सीझन संपू दे. शब्द म्हणजे शब्द.” आणि गार पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले.

शेवटचा सामना मेच्या अखेरीस रविवारी सकाळी नऊला होता. खरोखरीचा लाइव्ह. मला निकाल माहीत नव्हता, कारण निकाल लागलाच नव्हता. आणि त्याने फरकही पडणार नव्हता. मी हरलेला खेळ मांडून बसले होते. सामना झाला की बाबांना सांगायचं असं ठरवलं होतं, आणि सांगता आलं नाही तर काय करायचं तेही ठरवलं होतं.

बाबा रिक्लायनरवर, मी डाव्या टोकाला, निळी उशी. आमसुलं कधी नव्हे ते मोकळी खेळत होती. घालवण्यासारखं काही उरलेलं नसलं की खेळ सुधारतो, हे त्यांना ऑगस्टातच कोणीतरी सांगायला हवं होतं. पहिल्या अर्ध्या तासात दोन गोल. बावचळणाऱ्या सेंटर फॉरवर्डने एक. मी खरीखुरी ओरडले. बाबा ओरडले नाहीत. ते रिक्लायनरचा हात घट्ट धरून बसले होते.

दुसऱ्या अर्ध्यात समोरच्यांनी एक गोल फेडला. बाबा चहा टाक म्हणाले नाहीत. बाथरूमला उठले नाहीत. सारखा चष्मा काढायचे, पुसायचे, लावायचे. शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. बाबा उभे राहिले. गेल्या पाच महिन्यांत ते सामन्यात कधी उभे राहिले नव्हते.

“काय होईल गं?” त्यांनी विचारलं. “काय होईल, मारेल का तो?”

मी टीव्हीकडे पाहायचं सोडून त्यांच्याकडे पाहिलं. ते मला विचारत होते. जन्मजात फुलबॅक, वीस मिनिटं आधी सगळं ओळखणारा माणूस मला विचारत होता की काय होईल. माझ्या हातून काही सुटत नाही म्हणतात, ते माझ्या मॅनेजरने परत घ्यावं असं तेव्हा वाटलं.

गोलकीपरने पेनल्टी अडवली. बाबांनी हवेत मूठ मारली, मग एकदम खाली बसले. शिट्टी झाली. मैदानात आमसुली खेळाडू रडत होते आणि लोक घरी न जाता उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाल्कनीतली माणसंसुद्धा.

“चला,” बाबा म्हणाले. “जाता जाता तरी जिंकली.”

“जाता जाता?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “तीन आठवडे झाले न त्यांना खाली जाऊन.”

मी उशी बाजूला ठेवली. “तुम्हाला कधी कळलं?”

“पहाटे साडेतीनला. फोनवर पाहून राहिलो होतो, आवाज बंद करून.” त्यांचा फोन मीच घेऊन दिला होता. अ‍ॅपही मीच टाकून दिलं होतं, माझ्याच लॉगिनने. अठरा वर्षं टेस्टिंग.

“सगळ्या मॅच पाहिल्यात?”

“सगळ्या. ती पावसानं रद्द झाली, तीही. चार गोल खाल्ले, पाऊस काही दिसला नाही.”

मला हसू यायला हवं होतं. मला भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते. “मग परत आठ वाजता माझ्यासोबत तीच मॅच पाहायला कशाला बसायचात? बीपीचं काय? डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?”

“तू बसायची न म्हणून.” ते अगदी साधं सांगितल्यासारखं म्हणाले. “सोमवार ते शुक्रवार तू घरात दिसते तरी का? आठ ते दहा तू जागेवरून हलायची नाही. इतका वेळ तू माझ्याजवळ दहावीच्या अभ्यासाला बसली होती, त्यानंतर आत्ता.”

टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या होत्या. मी आवाज बंद केला. जे दोन वर्षं विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं, कारण त्या खोलीत आता लपवण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

“बाबा, आई कधी गेली?”

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“तुम्ही मला फोन केलात तेव्हा होती का?”

“नाही,” बाबा म्हणाले. “दोन तास झाले होते.”

म्हणजे मी बॅग भरत होते तेव्हा नव्हती. शेकायचा पट्टा कपड्यांच्या मध्ये ठेवत होते तेव्हाही नव्हती. मी विमानात हात जोडून बसले होते आणि निकाल लागून गेला होता.

“का नाही सांगितलंत?”

“तू एकटी असणार होती विमानात,” बाबा म्हणाले. “आजूबाजूला सगळे परके लोक. मला वाटलं, पोरीला वीस तास तरी आई असू दे.”

मला राग आला. इतका राग आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. ते वीस तास मला रडायला हवे होते. ते माझे होते. कोणी मला विचारलं नाही. आणि ओट्यावर पोह्यांची परात दिसली, सकाळी धुवायची राहिलेली, आणि मला कळलं की या गोष्टीवर चिडायचा हक्क मी तीन आठवड्यांपूर्वी कोथिंबीर पेरून गमावला आहे. तरी चिडले. बराच वेळ चिडले आणि रडले. बाबा दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. नवरा गॅरेजच्या दारातून डोकावला, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, “हरले का?”

“जिंकले,” बाबा म्हणाले.

दुपारी मी गठ्ठा टेबलावरून उचलला. पुन्हा आग्रह केला नाही, पण कारण विचारलं. बाबा म्हणाले, “तिकडे संध्याकाळी मैदानावर बसतो. पोरं चुकतात, मी ओरडतो, ते मला शिव्या देतात. इथे मी टीव्हीवर ओरडून राहिलो, त्या गोलकीपरला काही ऐकू जात नाही.” मी गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. जाण्याआधी आम्ही करार केला, तोंडी, विमानतळावर, सामान देऊन झाल्यावर. यापुढे वाईट बातमी लगेच सांगायची. दोन्हीकडून. पट्टी निघाल्यावर नाही, विमान उतरल्यावर नाही. बाबा म्हणाले, “शब्द म्हणजे शब्द.” मीही म्हणाले.

आमसुलं आता खालच्या लीगमध्ये खेळतात. ती लीग आमच्या अ‍ॅपवर दिसत नाही. नागपुरात कोणीतरी बाबांना दाखवतं, आणि ते मला फोनवर सांगतात, बहुतेक वेळा पराभवच, अगदी शिट्टी झाल्याझाल्या.

सप्टेंबरात एका सकाळी त्यांचा फोन आला. “बाथरूममध्ये पाय घसरला. डाव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, आत्ता अर्धा तास झाला. शेजारच्या काकू डबा देऊन राहिल्या. तुला लगेच सांगतो म्हटलं होतं, म्हणून सांगितलं.”

ज्याची मला धास्ती होती, तेच त्याच ओल्या बाथरूममध्ये झालं होतं. पूर्वीच्या पद्धतीने हे मला दिवाळीत कळलं असतं आणि मधले दोन महिने मी सुखात जेवले असते. पण मी आयुष्यात पहिल्यांदा वडिलांची बातमी वेळेवर ऐकत होते. मी सगळं विचारलं, हाड कुठलं, डॉक्टर कोण, रात्री सोबतीला कोण. त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवत नव्हते. मला ते ऐकू येत होतं.

मग त्यांनी विचारलं, “तुझं कसं चाललं? ऑफिसात आहे न?”

मी घरासमोर उभ्या केलेल्या गाडीत बसले होते. आमची अख्खी टेस्टिंग टीम, माझ्यासकट, कामावरून कमी करून तीन आठवडे झाले होते. रोज त्यांच्या फोनच्या वेळी मी गाडीत येऊन बसायचे, म्हणजे घरातला आवाज जायला नको.

“हो,” मी म्हणाले. “सगळं मस्त.”

“बरं,” बाबा म्हणाले.

तो ‘बरं’ मी ओळखला. रद्द झालेल्या मॅचनंतर खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहत ते जो म्हणाले होते, तोच होता.

“बाबा,” मी म्हणाले, “फोन ठेवू नका.”